नॅशनल लीगमधला गरीब क्लब: लोन, फ्री एजंट की अकॅडमी?

फुटबॉल मॅनेजर २०२४ या क्लब चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये, आणखी खालच्या लीग जोडणारी बाहेरची एडिटर फाइल न टाकता, इंग्लंडमध्ये लीगच्या जास्तीत जास्त सहाव्या पायरीपर्यंत खाली जाता येतं. ही पायरी म्हणजे नॅशनल लीग नॉर्थ किंवा साउथ. तिथला क्लब घेतला की ट्रान्सफर बजेटच्या रकान्यात बहुतेक वेळा शून्य असतं, पगाराला आठवड्याला काही हजार पौंड आणि स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, असलाच तर एखादा. पैसे मोजून खेळाडू आणायचा विषय तिथेच मिटतो. उरतात तीन वाटा: मोठ्या क्लबांची पोरं लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरती उसनी, आणणं, करार संपलेले फ्री एजंट उचलणं, नाहीतर स्वतःच्या अकॅडमीकडे डोळे लावून बसणं.

नवखा मॅनेजर बहुधा लोनकडे धावतो. मी पगाराचा मोठा हिस्सा फ्री एजंटांवर लावीन. त्यातही नावाजलेल्या, उतरत्या वयाच्या खेळाडूंवर नाही, तर मोठ्या अकॅडमींनी नारळ दिलेल्या अठरा ते एकवीस वयाच्या पोरांवर.

लोनचा मोह का पडतो ते कळतं. चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे दुसऱ्या पायरीवरच्या, एखाद्या क्लबचा तरुण विंगर, पेस (पळण्याचा वेग) १४, ॲक्सलरेशन १४, आणि पगारातला छदामही द्यायचा नाही. या पायरीवर बहुतेकांचे आकडे वीसपैकी सहा ते दहाच्या घरात असतात, त्यामुळे असा पोरगा समोरच्या फुल बॅकची पळता भुई थोडी करतो. पण त्या फुकटच्या सौद्याला अटी चिकटलेल्या असतात. त्याला किती खेळवणार हे आधीच कबूल करावं लागतं. शब्द पाळला नाही तर मालक क्लब कुरकुर करतो, आणि करारात परत बोलावण्याची अट असेल तर ऐन जानेवारीत पोरगा गायब होतो. तुम्ही मोसमभर खेळवून त्याला घडवता आणि त्याची वाढलेली किंमत दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. सगळ्यात वाईट महिना मे. पहिल्या अकरातले पाच लोनवाले एकदम निघून जातात, आणि बढती मिळालेली असेल तर पाचव्या पायरीवर पुन्हा शून्यापासून टीम उभी करायची. उसनं अवसान ते हेच. सामन्याच्या संघात लोनवाले किती चालतात याला स्पर्धेची मर्यादाही असते; ती नियमांच्या पानावर आधी बघून घ्यावी.

म्हणून लोन दोन-तीनच, तेही जिथे खड्डा आहे तिथे. गोलकीपर ही त्यासाठी उत्तम जागा. बोर्डाकडे मोठ्या क्लबशी संलग्न होण्याची मागणी जरूर करा. मान्य झाली तर तिथली पोरं मिळवणं सोपं जातं.

आता फ्री एजंट. इंग्लंडमधले करार ३० जूनला संपतात आणि १ जुलैला बाजारात माणसांचा पूर लोटतो. खरा खेळ घाई न करण्याचा आहे. प्रीमियर लीग क्लबने सोडलेला एकोणीस वर्षांचा सेंटर बॅक जुलैच्या पहिल्या आठवड्यात लीग टूच्या, म्हणजे चौथ्या पायरीच्या, पगाराच्या गोष्टी करतो. कुणी घेतलं नाही तर ऑगस्टपर्यंत त्याचा आकडा बराच खाली येतो. मधल्या काळात एखादा हातचा जातो. जाऊ द्यावा.

स्काउट नसताना माणूस ओळखायचा कसा? ट्रायल. खेळाडू दुरून बघितला तर त्याचे गुण ८–१४ असे सैल दिसतात. ट्रायलवर बोलावून सराव करून घेतला की ते उघडे पडत जातात. डझनभर पोरं एकदम बोलवा आणि मैत्रीच्या सामन्यांत खेळवा, त्याला फारसा खर्च येत नाही. स्काउटने दिलेल्या सोनेरी ताऱ्यांवर मात्र भाळू नका. तारे तुमच्या सध्याच्या संघाच्या तुलनेत दिलेले असतात, आणि स्काउटचा स्वतःचा पोटेन्शियल जोखण्याचा गुण ६ असेल तर त्याचे साडेचार तारे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

समजा दोन स्ट्रायकर समोर आहेत. एक ३३ वर्षांचा: फिनिशिंग १३, कम्पोजर १३, पेस ७, स्टॅमिना ८, मागणी आठवड्याला ६०० पौंड. दुसरा १९ वर्षांचा: फिनिशिंग ९, पेस १३, ॲक्सलरेशन १३, डिटर्मिनेशन १४, मागणी ३००. दुसरा घ्या, डोळे मिटून. या गेममध्ये, आणि खालच्या पायऱ्यांवर तर विशेषच, पळणारा माणूस सामने काढून देतो. फिनिशिंग वाढेल, ३३ वर्षांच्या माणसाचा पेस वाढणार नाही. मी अपवाद करतो तो एका वयस्क सेंटर बॅकचा, पोझिशनिंग आणि लीडरशिप चांगली असेल तर. त्याला पोरांच्या मेंटरिंग गटात टाकलं की त्याच्या स्वभावाचा थोडा गुण त्यांना लागतो. त्याला एक वर्षाचा करार, आणि पुढचं वर्ष वाढवायचं की नाही हे क्लबच्या हातात.

पोरांच्या कराराकडे मात्र बारकाईने बघा. नॉन-कॉन्ट्रॅक्ट हा प्रकार स्वस्त वाटतो, पण अशा खेळाडूला दुसरा क्लब एक पैसाही न देता उचलून नेऊ शकतो. पार्ट-टाइम का होईना, दोन-तीन वर्षांचा खरा करार करा. ठरावीक रकमेला सोडण्याची अट एजंट पुढे करतो, ती आधी उडवा. उडत नसेल तर पगारात थोडं वाढवून आकडा वर न्या. बढतीनंतरच्या पगारवाढीची अटही कापा, नाहीतर वर गेल्यावर तीच बजेट खाते. विकताना पुढच्या विक्रीतला हिस्सा मागायला विसरू नका.

हे कागदावरचंच गणित नाही. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या स्ट्रायकर जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने किशोरवयातच सोडलं होतं. २०१० मध्ये हॅलिफॅक्स या खालच्या पायरीवरच्या क्लबने त्याला स्टॉक्सब्रिज या छोट्या क्लबकडून १५ हजार पौंडांच्या आसपास घेतलं, पुढच्या वर्षी तो फ्लीटवुडला गेला, आणि २०१२ मध्ये लेस्टरने त्याच्यासाठी फ्लीटवुडला दहा लाख पौंड मोजले. तेव्हा फ्लीटवुड नुकताच नॅशनल लीगच्या पायरीवरून वर चढला होता.

एक तांत्रिक गोष्ट सेव्ह, म्हणजे गेममधला तुमचा डाव, सुरू करण्याआधीच करायची आहे. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला परवान्याचे गुण लागतात, आणि तुमच्या पायरीवर ते जमणं जवळजवळ अशक्य. म्हणजे बाजार ब्रिटन आणि आयर्लंडपुरताच. तेव्हा डेटाबेस (गेममध्ये किती खेळाडू भरायचे ते) लार्ज ठेवा आणि स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडच्या लीग जोडा. छोट्या डेटाबेसमध्ये यातली बरीच माणसं तुमच्या सेव्हमध्ये नसतातच. लॅपटॉप धापा टाकत असेल तर स्पेन, इटलीवर पाणी सोडा, इथे कंजुषी नको.

अकॅडमीबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये नवी पोरं साधारण मार्चमध्ये येतात, पंधरा-सोळा वर्षांची. तुमच्या मोडक्या सोयींतून निघालेला एखादा हिरा पहिल्या टीममध्ये उपयोगी पडेपर्यंत तुमचे दोन-तीन मोसम उलटलेले असतात. पैसा खुळखुळू लागेपर्यंत सोयींवर खर्च करू नये. युवा विभागाचा प्रमुख चांगल्या स्वभावाचा नेमावा, तेवढं पुरे. फक्त स्वतःच्या अकॅडमीची पोरं खेळवण्याचा पण केला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग हा आढावा तुमच्यासाठी नाही.

लीग टूला पोहोचल्यावर लोनचं पारडं जड होतं, कारण मोठे क्लब चांगली पोरं तिथे खुशीने पाठवतात. आणि सेव्ह एकाच मोसमाचा असेल, पुढे खेळायचंच नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि लोनवाल्यांनी टीम भरून टाका.