ई-कोर्ट्स अॅप: नेत्याच्या शिक्षेचं पुढं काय झालं ते कळतं का?

एखाद्या नेत्याला शिक्षा लागली की कोल्हापूरच्या बिंदू चौकात दोन मतं ठरलेली असतात. ‘मोठ्यांना कोण हात लावतंय’ हे एक आणि ‘मुद्दाम अडकवलाय’ हे दुसरं. कागदावर काय आहे ते पाहायचं तर ई-कोर्ट्स हे न्यायालयांचं अॅप फुकट आहे आणि लॉगिनही लागत नाही. पुढची तारीख, न्यायाधीश, कलमं यात ते चोख आहे. नेत्यांच्या खटल्यात खरा खेळ निकालानंतर होतो, तिथं मात्र ते फारसं बोलत नाही. पाचपैकी तीन गुण.

शोध अॅपपासून सुरू करू नका, आधी शपथपत्र काढा. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर आमदार-खासदारकीच्या उमेदवारांचा नमुना २६, म्हणजे हेच शपथपत्र, मिळतो. त्यात परिच्छेद ५ मध्ये प्रलंबित खटले आणि ६ मध्ये झालेल्या शिक्षा असतात. एफआयआर नंबर, पोलीस ठाणं, न्यायालय, खटला क्रमांक, दोषारोप निश्चित झालेत का, अपील केलंय का, हे सगळं त्यातून टिपून घ्या. महापालिका आणि जिल्हा परिषदेचे उमेदवार तिथं नसतात, कारण त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो.

आता अॅप. पक्षकाराच्या नावानं शोधायच्या भानगडीत पडू नका. वर्ष टाकावंच लागतं, आणि कोल्हापूर जिल्ह्यात ‘पाटील’ टाकल्यावर काय होणार ते सांगायला नको. भोसले, घाटगे अशा आडनावांची स्पेलिंगं तर प्रत्येक कारकुनाची वेगळी. त्यापेक्षा एफआयआरवरून शोधा: पोलीस ठाणं (लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, जुना राजवाडा, जे असेल ते), नंबर, वर्ष. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ दोन्ही बघा. खटला सापडला की त्याचा १६ अक्षरी सीएनआर नंबर (खटल्याची स्वतंत्र ओळख) जपून ठेवा, पुढं तेवढाच पुरतो.

इथं एक मेख आहे. दंडाधिकाऱ्यांकडचा आर.सी.सी. (नियमित फौजदारी) खटला सत्र न्यायालयाकडं वर्ग झाला की त्याला नवा क्रमांक आणि नवा सीएनआर मिळतो. जुन्या नोंदीवर ‘निकाली’ दिसतं आणि लोक समजतात, सुटला! ‘निकाली’ म्हणजे निर्दोष नव्हे. निकालाचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. खटला मागे घेतल्याचं दिसलं तर आदेशाची पीडीएफ उघडाच. आजी-माजी आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०२१ रोजी बजावलंय. त्या परवानगीचा उल्लेख आदेशात नसेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

शिक्षा झाली असेल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की पद जातं, आणि सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. अपील करून खुर्ची टिकवायची सवलत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालानं गेली. त्यामुळं सारी धावपळ स्थगितीसाठी असते, आणि स्थगिती दोन प्रकारची. शिक्षेला स्थगिती म्हणजे फक्त जामिनावर बाहेर. दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवण्यालाच, स्थगिती मिळाली तरच पद वाचतं.

नागपूर जिल्हा बँक प्रकरणात काँग्रेसचे तेव्हाचे आमदार सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, दोषसिद्धी मात्र कायम राहिली. आमदारकी गेली ती गेलीच, २०२४ ची विधानसभाही लढवता आली नाही. घोटाळा २००२ चा होता. मधली दोन दशकं हाही न्यायाचाच भाग धरायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शिक्षा सौम्य की कडक यापेक्षा ती कधी लागली याचा फायदा नेत्यांना जास्त होतो, असं आमचं मत.

उलट बाजूही आहे. मार्च २०२३ मध्ये सुरतेच्या न्यायालयानं राहुल गांधींना बदनामीच्या खटल्यात कमाल, म्हणजे बरोबर दोन वर्षं शिक्षा दिली. कमाल शिक्षेचं कारण दिलेलं नाही, आणि एक दिवस जरी कमी असता तरी अपात्रता आली नसती, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं ४ ऑगस्टला दोषसिद्धी स्थगित केली. म्हणून निकालपत्र उघडल्यावर आधी शेवटची पानं वाचा: शिक्षेबाबत युक्तिवाद ऐकला का, कारणं दिली का.

अॅप कमी पडतं ते इथंच. स्थगिती अर्ज वरच्या कोर्टातला स्वतंत्र मामला असतो, खालच्या नोंदीत त्याचा मागमूस बहुधा नसतो. उच्च न्यायालयाचा विभाग वेगळा उघडून अपील आणि त्यातले अंतरिम अर्ज शोधावे लागतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. नुसतं मुंबईत शोधून ‘नोंद नाही’ आलं म्हणजे अपीलच नाही, असं धरू नका.

अॅपवरची पीडीएफ माहितीपुरती. तक्रारीला जोडायची असेल तर नक्कल विभागातून प्रमाणित प्रत काढा. तिऱ्हाईताला अर्जात कारण लिहावं लागतं, तेव्हा खटला क्रमांक आणि आदेशाची तारीख अॅपवरूनच उतरवून न्या.