मानीव अभिहस्तांतरण सेवा, ठाणे: आदेश म्हणजे निम्मंच काम

बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर मोफा (महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा), 1963च्या कलम 11खाली सोसायटीने नमुना 7 मध्ये जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचा, अर्ज करायचा. कोर्ट फी फक्त 2,000 रुपये. खरा खर्च वकील, आर्किटेक्ट आणि थकलेल्या मुद्रांक शुल्काचा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, प्रत्येक सदनिकेची सूची 2 (नोंदवलेल्या कराराचा उतारा) लागते. घोडं अडतं ते क्षेत्रफळावर: एकाच लेआउटमध्ये चार इमारती, आणि आर्किटेक्टचा दाखला नकाशाशी जुळत नाही. आदेशानंतर मुद्रांक अभिनिर्णय (किती शुल्क भरायचं ते ठरवणं), दस्तनोंदणी, मग सातबाऱ्यावर नाव. इथेच बऱ्याच सोसायट्या ढेपाळतात! नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे हाती येतो तो पट्टाच, मालकी नाही. सेवेला पाचपैकी तीन.