शेफिल्ड: मँचेस्टरहून तासाभरावर आहे, जाऊन या

लंडन झालं, मँचेस्टरला स्टेडियमबाहेर फोटो काढून झाला की बहुतेक लोक सरळ एडिंबराची गाडी पकडतात. शेफिल्ड कुणाच्या यादीत नसतंच. विचारलं तर म्हणतात, तिथे काय आहे, नुसते कारखाने. बरोबर आहे की, आणि त्यांच्यासाठीच जायचं! मँचेस्टरहून ट्रेनने जेमतेम तासाभराचा रस्ता.

वेळ अगदीच कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि केल्हम आयलंड म्युझियम बघा. बाहेरच बेसेमर कन्व्हर्टर ठेवलाय, म्हणजे वितळलेल्या लोखंडात खालून हवा मारून पोलाद करायचं ते भलंमोठं भांडं, शाळेच्या पुस्तकात इवलीशी आकृती असते ना तेच, इथे मान वर करून बघावं लागतं. पण खरा हिरो आत आहे, रिव्हर डॉन इंजिन. 1905 सालचं वाफेचं इंजिन, ताकद 12,000 हॉर्सपॉवर, युद्धनौकांना लागणारे जाडजूड चिलखती पत्रे लाटायला बनवलेलं आणि चक्क 1978 पर्यंत नोकरीवर होतं. ठरलेल्या वेळी चालू करून दाखवतात. आधी नुसती फुसफुस, तेलाचा वास, आपल्याला वाटतं एवढंच का, आणि मग ते धूड असं काही फिरायला लागतं की शेजारच्याशी बोलणं बंद. त्यातही कमाल म्हणजे भर वेगात असताना ते क्षणात थांबून उलटं फिरतं, कारण तापलेली प्लेट रोलरमधून पलीकडे गेली की गार व्हायच्या आत परत अलीकडे घ्यायची असायची, थांबायला वेळच नाही. हे कळल्यावर दुसऱ्यांदा बघताना जास्त मजा येते. फक्त इंजिनाच्या वेळा वेबसाइटवर बघूनच निघा, बंद इंजिन बघण्यात काही अर्थ नाही.

तिथेच 'लिटल मेस्टर्स'च्या खोल्या आहेत, म्हणजे एकट्यादुकट्याने चाकू-कात्र्या बनवणारे स्वतंत्र कारागीर. धार लावणाऱ्यांचं वाचून मात्र गप्प व्हायला होतं, दगडी चाकाची धूळ फुप्फुसात जाऊन कित्येक जण तरुणपणीच गेले. स्टेनलेस स्टीलही याच गावचं, 1913 मध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून धातू शोधत होता आणि हाती लागलं न गंजणारं पोलाद. मिलेनियम गॅलरीत सुऱ्या-चमचे मांडलेत, तिकीट नाही. शेजारी विंटर गार्डन आहे, म्हणजे काचेच्या छताखालची बाग, पावसात टेकायला बरी, आणि पाऊस येतोच.

खाण्याचं म्हणाल तर हेंडरसन्स रेलिश नावाचा काळा आंबट सॉस टेबलाटेबलावर दिसतो, 1885 पासून इथेच बनतो. त्यात चिंच आणि लवंग आहे, मासा नाही, त्यामुळे वूस्टर सॉसला नाक मुरडणाऱ्या शाकाहारी मंडळींनी बिनधास्त घ्यावा. 'पाय' (pie) म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, त्यावर ओतून खातात, मी चिप्सवर (म्हणजे बटाट्याच्या फ्राइजवर) ओतला, कोणी काही बोललं नाही.

आता तक्रारी. गाव म्हणजे नुसते चढ, मॅपवर दहा मिनिटं दिसतात ती पायांना वीस वाटतात. मध्यवस्तीत काही रस्ते अगदी रटाळ आहेत, रिकामी दुकानं, काँक्रीट. आणि आमच्या हॉटेलची लिफ्ट बंद होती, तिसरा मजला, बॅगा, जाऊ दे.

पण एक सकाळ हाताशी असेल तर लोकल ट्रेनने जवळच्या हॅदरसेज गावाला जा, शहराचा जवळपास तिसरा हिस्सा पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कात येतो हे तेव्हा पटतं. तिथल्या स्टॅनेज एज या कड्याखाली गिरण्यांसाठी घडवून तयार केलेली दगडी चाकं गवतात तशीच पडून आहेत, गिऱ्हाईक संपलं आणि न्यायला कोणी आलंच नाही. हे बघायला ना तिकीट ना रांग. शूज मात्र चांगले घाला, तिथला चिखल चपलांचा नाही.

एवढं करून स्थानिक बनावटीचा चाकू घ्यायचा मोह होणारच, मलाही झाला. जरूर घ्या, फक्त तो चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिन बॅगेत ठेवलात तर एअरपोर्टवरच सोडून यावा लागेल.