विमान-अंतर मोजणारं साधन: अंतर खरं, वेळ अंदाजे

दोन विमानतळ टाकायचे, अंतर आणि उड्डाणाचा वेळ बघायचा. हे साधन गेले काही महिने लांबच्या प्रवासांच्या आखणीसाठी सतत वापरतोय. अंतराचा आकडा डोळे झाकून घ्यावा, वेळेचा मात्र पारखून घ्यावा, असं माझं मत झालंय.

अंतर मोजलं जातं ग्रेट सर्कलवरून, म्हणजे गोलावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेने. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी आहे. ती अगदी गोल धरून हिशेब केला तरी फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. सिडनी-सँटियागोची रेघ नकाशावर अंटार्क्टिकाकडे झुकलेली दिसते, तेव्हा काहीतरी चुकलंय असं वाटतं. चुकलेलं काही नसतं, सपाट नकाशावर जवळची वाट अशीच वाकडी दिसते.

खरी गंमत वेळेत आहे. साधन अंतराला एका ठरावीक वेगाने भागतं, वर चढण्या-उतरण्याचा थोडा वेळ धरतं, झालं! त्यामुळे लंडन-न्यूयॉर्क जाताना आणि येताना वेळ सारखाच. प्रत्यक्षात पश्चिमेला जाताना सुमारे आठ तास लागतात आणि परतताना साधारण सात, कारण जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोहोचलं होतं. असलं काही या साधनाच्या गावीही नाही.

हवाई हद्दीचंही तेच. हेलसिंकी-टोकियो अंतर सुमारे ७,८०० किमी दिसतं, वेळ साडेनऊ-दहा तासांचा. २०२२ पूर्वी तो बरोबर होता. रशियाचं आकाश बंद झाल्यापासून विमानं ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालतात आणि तेरा तासांच्या आसपास घेतात. सिंगापूर-न्यूयॉर्कची तऱ्हा आणखी वेगळी. सरळ अंतर १५,३०० किमीच्या पुढे, पण न्यूयॉर्ककडे जाणारं विमान बहुतेकदा पॅसिफिकवरून लांबची वाट धरतं. किलोमीटर वाढतात, पाठीवरच्या वाऱ्यामुळे वेळ वाचतो.

शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीपर्यंतची रांग त्यातच आली. साधनाचा आकडा त्याच्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. दोन्हीकडच्या स्थानिक घड्याळांचा आणि तारखांचा हिशेब तर आपला आपणच करायचा. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेलं विमान बारा तास उडून त्याच तारखेच्या दुपारी लॉस एंजेलिसला उतरतं.

नावाऐवजी तीन अक्षरी कोड टाकलेला बरा. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो थांब्यांची तुलना करताना. लंडन-सिडनी सरळ अंतर सुमारे १७,००० किमी. सिंगापूरमार्गे दोन्ही टप्प्यांची बेरीज केली तर जेमतेम पावणेदोनशे किमी वाढतात, दुबईमार्गे पाचशेच्या वर. दोन्ही वळसे क्षुल्लकच. मग अशा मार्गांवर कुठला थांबा घ्यायचा हे अंतरावर ठरत नाही, पुढचं विमान किती तासांनी आहे यावर ठरतं, आणि ते शोधायला विमानांचं वेळापत्रकच उघडावं लागतं.