फ्री डिशची छत्री: एक पावसाळा काढल्यानंतर

चिपळूणजवळच्या गावच्या घरी होळीच्या सुमारास डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट उपग्रह टीव्ही सेवेची, छत्री बसवली, आता दिवाळी तोंडावर आली. मधला अख्खा पावसाळा तिने काढला म्हणून लिहितोय. उन्हाळ्यात काय, कुणाचीही छत्री छानच चालते.

पहिलं सांगणं, छत्री उगाच छपरावर चढवू नका. दूरदर्शनचा जुना अँटेना बांबूवर उंच बांधावा लागायचा, कारण सिग्नल दूरच्या मनोऱ्यावरून यायचा. छत्रीला फक्त मोकळं आकाश पुरतं. आमची खळ्याच्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या पाइपवर आहे. वारा कमी लागतो, पुसायला शिडी लागत नाही. जांभ्याच्या चिऱ्यात फास्टनर सैल होतो, म्हणून पाइप खड्ड्यात काँक्रीट घालून रोवला, तोही ओळंबा लावून. पाइप तिरका राहिला तर पुढची सगळी मापं फुकट.

उपग्रह आहे जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. चिपळूणहून तो आग्नेयेला दिसतो: उत्तरेपासून साधारण १३० अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. मोबाइलचा कंपास चालतो, फक्त लोखंडी पाइपपासून चार पावलं लांब उभं राहून बघा. छत्री ऑफसेट प्रकारची, म्हणजे सिग्नल समोरून नव्हे तर वरच्या बाजूने तिरका घेणारी असल्यामुळे तिचं तोंड उपग्रहापेक्षा बरंच खाली वळलेलं दिसतं, त्याने गोंधळू नका. खरी नजर उंच जाते. दहा फुटांवरचं झाड छत्रीपेक्षा साधारण सोळा फूट उंच होईपर्यंत आड येत नाही. आमच्या माडाच्या दोन झावळ्या मात्र काढाव्या लागल्या, वाऱ्यावर हलल्या की चित्र गोठायचं.

आता मुख्य गोष्ट. बसवायला आलेल्या मुलाने चित्र दिसताच नट आवळले आणि निघाला. बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर क्वालिटी, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतो त्याचा आकडा, होती ४८. चित्र स्वच्छ, पण पावसासाठी शिल्लक काहीच नाही. स्ट्रेंग्थची पट्टी बघूच नका, ती छत्री आभाळात कुठेही वळवली तरी भरलेलीच असते. क्वालिटी बघा. पुतण्या आतून आकडा ओरडत होता, मी बाहेर छत्री बोटभर सरकवून दोन-तीन सेकंद थांबत होतो, कारण बॉक्स आकडा उशिरा दाखवतो. एवढ्याने ६० पर्यंत गेलं. मग एलएनबीचा (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) क्लॅम्प सैल करून ती जागच्या जागी हळूहळू फिरवली, आणि आकडा ७३! आपल्याकडून हा उपग्रह दक्षिणेपासून इतका पूर्वेकडे आहे की एलएनबीला जवळपास ४७ अंशांची फिरकी लागते. बसवणारे नेमकं हेच सोडून देतात. शेवटी नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकच नट एकदम आवळला की छत्री सरकते, आणि साठ सेंटीमीटरच्या छत्रीला दोनेक अंशांची चूकही महागात पडते.

जुलैत आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला की चित्र पाच-दहा मिनिटं जातंच. छत्रीवर येणाऱ्या केयू बँडच्या आखूड लहरी जोरदार पाऊस शोषून घेतो, त्याला इलाज नाही. पण दिवसभराच्या संततधारेत एकदाही गेलं नाही. अप्पांच्या सह्याद्रीवरच्या संध्याकाळच्या बातम्या ऐन श्रावणातही बुडाल्या नाहीत, मला तेवढं पुष्कळ झालं. एलएनबीच्या कनेक्टरवर रबरी टेप घट्ट गुंडाळलाय आणि त्याच्या खाली केबलला झोळ सोडलाय, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. परवा उघडून पाहिलं, तांब्याची तार अजून लखलखीत आहे.

महिन्याचं भाडं शून्य, हे तर आहेच. खटकतं ते एवढंच की वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरतात, त्यामुळे १ एप्रिलच्या सुमारास आवडीची वाहिनी गायब होऊ शकते. तेव्हा छत्रीला हात लावू नका, आधी बॉक्स पुन्हा स्कॅन करा. नवीन बॉक्स घेणार असाल तर एमपेग-४ चाच, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचाच घ्या. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर बऱ्याच वाहिन्या उमटतच नाहीत.