बागेसाठी प्रेअरीचे गवत : लिटल ब्लूस्टेम की प्रेअरी ड्रॉपसीड?

शिकागोच्या उपनगरांत किंवा आयोवा-मिनेसोटाकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांना अंगणातील लॉनचा काही भाग काढून तेथे प्रेअरीचे, म्हणजे त्या भागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांचे मूळचे, ठोंबाने वाढणारे गवत लावायचे आहे, त्यांच्यापुढे बहुधा ही दोन नावे येतात. दोन्ही गवते बहुवर्षायू आहेत, दोन्हींना भरपूर ऊन लागते, तेथील कडाक्याची थंडी दोन्ही सोसतात आणि एकदा मुळे धरली की पाणीही फारसे मागत नाहीत. म्हणून निवड रंगावरून न करता मातीवरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिटल ब्लूस्टेम हे निकस, कोरड्या, उत्तम निचऱ्याच्या जमिनीचे गवत. दोन ते चार फूट उंचीचे हे ठोंब उन्हाळ्यात निळसर दिसतात, शरदात तांबूस-नारिंगी होतात आणि पांढरी लव असलेल्या बियांसह हिवाळ्यातही उभे राहतात. त्याच्या बिया पक्षी खातात, तर स्किपर फुलपाखरांच्या अनेक जातींच्या अळ्या त्याच्या पात्यांवर वाढतात. मात्र खतावलेल्या, ओलसर जमिनीत ते उंच, कमकुवत वाढते आणि तुरे येण्याच्या सुमारास पावसाने भात लोळावा तसे आडवे पडते. त्याला खत घालण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

प्रेअरी ड्रॉपसीडला चिकणमातीही चालते, आणि नव्या वसाहतींच्या अंगणात बहुधा तीच वाट्याला येते. त्याची अतिशय बारीक पाती चहूबाजूंनी झुकून दोन-तीन फुटांचा रेखीव ठोंब तयार करतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस आलेल्या तुऱ्यांना येणारा वास अनेकांना धण्यांची आठवण करून देतो. अडचण एकच : ते फार सावकाश वाढते. बियांपासून भरदार ठोंब होण्यास काही वर्षे जातात, म्हणून थोडा अधिक खर्च करून तयार रोपेच घ्यावीत आणि ती दीड ते दोन फुटांवर लावावीत. ब्लूस्टेमचे बी त्या मानाने सहज रुजते. ते आपोआप पसरतेही, त्यामुळे मोठ्या, मोकळ्या जागेस ते स्वस्त पडते.

वाळूमिश्रित उतार असेल तर ब्लूस्टेम निःशंक लावावे. घरासमोरच्या नेटक्या वाफ्यासाठी किंवा पायवाटेच्या कडेला मी ड्रॉपसीडच सुचवेन. दोन्हींची छाटणी शरदात करू नये. हिवाळा सरताना, नवे कोंब फुटण्यापूर्वी, जुनी पाती जमिनीपासून काही इंचांवर कापावीत.