यूके की जर्मनी: घरी सातबारा असलेल्यांसाठी

मार्च २०२४ मध्ये माझ्याकडे दोन प्रवेशपत्रं होती. एक इंग्लंडचं, एका वर्षाच्या मास्टर्सचं. दुसरं जर्मनीत केम्नित्झचं, दोन वर्षांचं. चोपडा-यावलकडच्या मुलांचे आता फोन येतात, ‘दादा, कुठे जाऊ?’ म्हणून. मी जर्मनीला आलो, त्यामुळे माझा कल तिकडे आहे हे आधीच सांगतो.

यूकेची बाजू लंगडी नाही. वर्षभरात पदवी हातात पडते आणि सगळा कारभार इंग्रजीत. माझा हॉस्टेलमधला पार्टनर तिकडे गेला. मी दुसऱ्या सहामाहीची परीक्षा देत होतो तेव्हा त्याचे वर्ग संपून प्रबंध सुरू झाला होता. घरात कमावणारं कुणी नसेल तर एक वर्ष वाचणं मोठी गोष्ट आहे. मात्र मास्टर्सनंतर तिथे थांबायला मिळणारी दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळतील. जर्मनीतही पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, म्हणजे तो मुद्दा आता जवळपास बरोबरीत आला.

माझा निर्णय झाला तो बँकेत.

इंग्लंडची फी १९ हजार पौंड. राहण्याचा खर्च धरून आकडा तीस लाखांकडे गेला. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. वडिलांनी, आप्पांनी, पाच एकरांचा सातबारा पुढे केला, विहिरीची आणि ठिबकची नोंद असलेला. साहेबांनी तो न वाचताच परत दिला. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला चालत नाही. बँकांना थकीत कर्जाचं तारण विकायचा अधिकार देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे, त्यामुळे कर्ज थकलं तर बँकेला त्या कायद्याने ती विकता येत नाही. म्हणून बँका ती घ्यायला तयार नसतात. कारण मला पटलं. आप्पांना कसं पटणार? त्याच सातबारावर दरवर्षी पीककर्ज मिळतं. ‘पाच एकर वावर शे, आनि ते बँकले चालत नही?’ एवढंच ते म्हणाले. गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराचा उतारा, दाखवला, तोही चालेना. जळगावात फ्लॅट असलेलं कुणी नात्यात आहे का, असं विचारलं.

होते, मामा. ते लगेच हो म्हणाले. पण परतताना एस.टी.त आप्पा चोपड्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. माझ्या शिक्षणासाठी दुसऱ्याच्या घरावर बोजा चढणार होता. तारणाशिवाय देणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत, पण त्यांचं व्याज ऐकून तो विषय तिथेच संपला.

जर्मनीचा हिशेब वेगळा बसला. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, सहामाही वर्गणी तेवढी. अपवाद मात्र बघून घ्या: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सहामाहीला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी लावली आहे. मोठी रक्कम लागते ती ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याला. माझ्या वेळी ११,२०८ युरो होते, आता ११,९०४. पण हे पैसे आपलेच राहतात, तिकडे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो करून आपल्याच हातात येतात. साडेसात लाखांचं कर्ज तारणाशिवाय झालं, मामांची जामीन म्हणून सही पुरली. उरलेलं केळीच्या मृगबागेच्या कटाईतून आलं, त्या वर्षी भाव बरा होता.

त्रास जर्मनीतही आहे. २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र बंधनकारक आहे. त्याचे १८ हजार रुपये, आणि उमविच्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) गुणपत्रिका आधी गोळा करून ठेवा, एक सेमिस्टर कमी पडलं की अर्ज अडतो. दोन वर्षांचा कोर्स बऱ्याच जणांचा अडीचवर जातो, माझाही जाईल असं दिसतंय. आणि भाषा. कोर्स इंग्रजीत असला तरी पार्टटाइम कामाच्या तीन मुलाखती माझ्या जर्मनपायी गेल्या. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण काम देणाऱ्याशी बोलता तर आलं पाहिजे. या बाबतीत यूकेला गेलेला आपला मुलगा पहिल्या महिन्यात कामाला लागू शकतो, हे मान्य करावं लागेल.

तेव्हा शहरात स्वतःचं घर असेल आणि वडिलांना ते तारण ठेवायला जड जाणार नसेल, तर यूकेचा विचार जरूर करा. बिगरशेती प्लॉट असेल तर तोही बँकेत विचारून बघा, आमच्याकडे नव्हता. घरी नुसतं वावर असेल तर मी जर्मनीच म्हणेन. शेवटच्या वर्षाला असाल तर एपीएसची वाट न बघता दिवाळीपासूनच जर्मनचा क्लास लावा. मी व्हिसा आल्यावर लावला, आणि बी-वन ही जर्मनची मधली पातळी अजून व्हायची आहे.